आत्याला उचलायचं नाहीये, फिरायला न्यायचंय

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागली तर लागू दे.

आत्याला क्रूझवर जायचंय. पक्षाघातानंतर तिचा डावा पाय साथ देत नाही. घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. सिंगापूरहून पेनांग-फुकेत करून येणाऱ्या सफरीची चौकशी करायला आज तिला घेऊन कर्वे रस्त्यावरच्या एका टूरवाल्याकडे गेले. आत्यानं जन्मभर शिवणक्लास चालवला, त्यामुळे पहिला प्रश्न मापाचाच. "केबिनचं दार किती रुंद आहे?"

समोरचा मुलगा हसून म्हणाला, "आजी, टेन्शन नका घेऊ. आमची पोरं असतात, उचलून घेतील!"

आत्यानं पर्समधून टेप काढली, स्वतःच्या खुर्चीची रुंदी मोजली, कागदावर '२५ इंच' लिहून त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. वॉटर स्लाइडचे फोटो दाखवत बसला.

अरे, बऱ्याच जहाजांवर साध्या केबिनचं दार २२-२३ इंचांचं असतं! खुर्ची आत जाणारच नाही. बाहेर कॉरिडॉरमध्येही ठेवू देत नाहीत, कारण ती आणीबाणीची वाट. बाथरूमला उंबरठा. म्हणून व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळ्या केबिन असतात: रुंद दार, सपाट शॉवर, बसायला सीट, धरायला दांडे. जहाजभर मोजक्याच, आणि त्या आधी संपतात. हे गिऱ्हाइकानं सांगायचं?

"उचलून घेतील." आंघोळीलाही उचलणार का? आत्या आजही आंघोळ स्वतः करते. ते परत जमावं म्हणून तिनं काय काय सोसलंय, मी बघितलंय.

बंदरांचंही तेच. पेनांगला जहाज धक्क्याला लागतं, खुर्ची ढकलत उतरता येतं. फुकेतला बऱ्याचदा ते पातोंग बीचसमोर समुद्रातच नांगर टाकतं, पुढे छोट्या बोटीनं किनाऱ्यावर. लाटा असल्या की खुर्चीवाल्यांना बोटीत घेत नाहीत. लक्षद्वीपलाही मोठं जहाज लांबच थांबतं. पैसे भरून आत्यानं किनारा लांबूनच बघायचा असेल तर तसं आधी सांगा, ठरवू दे ना तिचं तिला! शिवाय आग वगैरे लागली की लिफ्ट बंद. तेव्हा तिला जिन्यानं कोण आणि कशावरून नेणार, हेही बुकिंगआधीच विचारायचं. तिथे उचलावं लागलं तर ती एका शब्दानं कुरकुरणार नाही.

बरं, मान्य. जहाज त्या मुलानं बांधलेलं नाही, आणि त्याच्या मनात वाईट नसेलही. पण कंपनीला एक मेल टाकून दाराचं माप मागवायला काय जातं?

रिक्षात आत्या गप्प होती. म्हात्रे पुलावर म्हणाली, "मला फक्त डेकवर वारा खात बसायचंय गं. आणि कुणी हात लावायच्या आधी मला विचारावं." तेव्हापासून माझा राग थोडा उतरलाय. थोडाच.

तर मंडळी, आपल्या माणसाला व्हीलचेअरवरून क्रूझला नेलंय असं कुणी असेल तर जहाजाचं नाव लिहा. रेस्टॉरंट किती होती ते नको. बाथरूमचा फोटो, दाराचं माप आणि कुठल्या बंदरावर खुर्चीसकट उतरता आलं, एवढं सांगा. आत्या माझ्या शेजारीच बसलीये, कमेंट वाचून दाखवणार आहे तिला.