गाडी साडेआठला येते

सकाळी साडेआठला आमच्या इमारतीसमोर एक पांढरी गाडी थांबते. निळ्या टी-शर्टातली बाई उतरते, खालच्या मजल्यावरच्या आजींपुढे गुडघे टेकून बसते, त्यांच्या पायांत बूट चढवते आणि हात धरून गाडीत बसवते. दिवसभर आजी केंद्रात असतात. आंघोळ, जेवण, थोडा व्यायाम, चारनंतर घरी. तोवर त्यांची सून बँकेत काम करते. जपानमधल्या नागोयात मी हे रोज पाहते आणि रोज आर्वीजवळचं आमचं घर डोळ्यांपुढे येतं.

माझ्या आईला लकवा मारून तीन वर्षं झाली. तिचं सगळं वहिनी करते. वहिनी एम.एस्सी., बी.एड.; आर्वीच्या एका कॉलेजात तासिकेवर केमिस्ट्री शिकवायची. आई पडली आणि तिने ते सोडलं. मी परत यावं असं कुणी म्हटलं नाही, मीही आले नाही. मुलगी मी, नोकरी सुटली तिची.

दिवाळीत गेले तेव्हा ओसरीवर मुलींच्या फी-माफीचा विषय निघाला. 2024 पासून राज्यात 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. काका म्हणाले, "पोरी शिकल्या त चांगलंच हाय. पन सुना नोकरीले गेल्या त म्हाताऱ्यायले कोन पाह्यन?"

काकांचा प्रश्न खरा आहे. आमच्या गल्लीतली तरणी पोरं पुण्याला, नागपूरला गेलीत. मागे म्हातारी माणसं आणि पऱ्हाटी. माझं भांडण उत्तराशी आहे. सून हेच उत्तर धरून सगळे चहा पितात आणि उठतात. महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं आता दोनाहून कमी आहेत. पुढे एवढ्या सुना तरी कुठून आणणार?

जपानही वर्षानुवर्षं सुनेवरच विसंबला होता. आज इथे शंभरातले 29 जण पासष्टीच्या पुढचे आहेत. 2000 साली त्यांनी म्हातारपणाच्या सेवेसाठी सक्तीचा विमा आणला. चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो; गेल्या वर्षी माझ्याही पगारातून कापायला लागले. निम्मा पैसा सरकार घालतं, बहुतेक घरांना खर्चाचा दहावा हिस्सा पडतो. कायदा होताना वाद झाला, की जर्मनीसारखी सेवा करणाऱ्या घरच्यांना रोख रक्कम द्यावी का? स्त्रियांच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या हिगुची केइको आणि त्यांच्यासोबतच्या बायकांनी ठाम विरोध केला. हातात पैसे ठेवले की सून घरात जास्तच बांधली जाईल, आम्हाला माणूस द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी रोख नाही, सेवाच मिळाली.

हे मला फार मोलाचं वाटतं. लाडकी बहीणचे 1500 वहिनीला मिळतात, ते मिळायलाच हवेत. पण रात्री दोनला आईची कूस बदलायला त्यातून दुसरा हात येत नाही.

इथेही सगळं आलबेल नाही. नोकरी करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका अर्धवेळ किंवा कंत्राटी आहेत. घरच्या सेवेपायी दरवर्षी लाखाच्या आसपास लोक नोकरी सोडतात, त्यांत बहुतेक बायकाच. त्या निळ्या टी-शर्टवालीचा पगारही बेताचाच. म्हणून आपल्याकडे हे करताना आशाताईंसारखं मानधनावर भागवू नये. तीन-चार गावं मिळून एक केंद्र, एक गाडी आणि एएनएम, जीएनएमचं नर्सिंग शिकून घरी बसलेल्या पोरींना तिथे पक्की नोकरी, रीतसर वेतनश्रेणी. एका पोरीला काम मिळेल आणि चार घरांतल्या सुना मोकळ्या होतील.

परवा व्हिडिओ कॉलवर वहिनीला ती गाडी दाखवली. आजी बसल्या, दार लागलं, गाडी वळली. वहिनी बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, कॉलेज साडेदहाचं असते. साडेआठला गाडी आली असती तं मले जमलं असतं."