दंडाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे

डिसेंबर लागला की एक फॉरवर्ड दरवर्षी नव्याने उगवतो. यंदा मला तो सोसायटीच्या, कॉलेजच्या आणि, कहर म्हणजे, काका-आत्यांच्या ग्रुपवरही मिळाला. मजकूर साधारण असा: "पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर घाबरू नका. दहा हजार भरा, विषय संपला. लायसन्स दुसऱ्यांदा सापडल्यावरच जातं, तेही तीन महिने. दोन बिअर कायद्याने चालतात. फुंकायला नकार द्या, पुरावाच राहत नाही. आणि लायसन्स गेलंच तर दुसऱ्या आरटीओतून नवं काढा."

हा सल्ला ऐकून कुणी खरंच गाडीची किल्ली उचलेल, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"दहा हजार भरा, विषय संपला." मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. फॉरवर्डवाल्याने यातला दंड तेवढा उचलला आणि कैद गाळली. शिवाय हा दंड सिग्नल तोडल्यासारखा चौकात भरता येत नाही. तडजोड शुल्क घेऊन जे गुन्हे मिटवता येतात त्यांची यादी कलम २०० मध्ये आहे आणि तिच्यात १८५ नाही. प्रकरण कोर्टातच जातं. रस्त्यावर "इथेच मिटवून टाकू" म्हणणारा काही मिटवत नसतो, खिशात घालत असतो.

आता लायसन्सचं. सगळा घोळ इथेच आहे, आणि तो होतो कारण लायसन्सवर गदा दोन वेगवेगळ्या दारांनी येते.

पहिलं दार आरटीओचं. कलम २०६ प्रमाणे पोलिसाला तुम्ही पिऊन गाडी चालवल्याचं सकारण वाटलं, तर त्याने लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवायचं असतं. तिथे तुमचं म्हणणं ऐकून घेतात. ते पटलं नाही तर कारणं नोंदवून पहिल्या वेळी तीन महिने निलंबन, आणि दुसऱ्या वेळी लायसन्स थेट रद्द. २०१९च्या दुरुस्तीने ही तरतूद कलम १९ मध्ये घातली. म्हणजे फॉरवर्डमधले "तीन महिने" कुठून आले ते कळलं, फक्त ते पहिल्या गुन्ह्याचे आहेत. दुसऱ्या गुन्ह्याला महिने मोजायचा प्रश्नच उरत नाही.

दुसरं दार कोर्टाचं, आणि याचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. कलम २०(२) सांगतं की १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने लायसन्स बाळगण्यास अनर्ह, म्हणजे अपात्र, ठरवलंच पाहिजे. पहिला गुन्हा, दुसरा गुन्हा असा भेद तिथे नाही. सहा महिने ही खालची मर्यादा आहे, वरची नव्हे. अपील केलं म्हणून हुकूम आपोआप थांबत नाही, वरच्या कोर्टाने तसं सांगावं लागतं.

माझा एक मित्र असाच सापडला होता. कोर्टात दंड भरला, पावतीच्या चार घड्या घालून मोबाईलच्या कव्हरमागे खोचली आणि दुसऱ्या दिवशी कार घेऊन ऑफिसला. "पैसे भरले ना, मग?" लायसन्स घेताना पोलिसांनी दिलेली पोचपावतीही त्याच घडीत होती. त्याला वाटत होतं, तीच तात्पुरतं लायसन्स. कायदा नेमकं उलटं म्हणतो: त्या पोचपावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत गाडी चालवता येत नाही. मुदत संपली की कार्ड आपोआप हातात पडतं असंही नाही, आधी चालकांसाठीचा उजळणी प्रशिक्षण वर्ग पूर्ण करावा लागतो.

फॉरवर्डच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. दंड भरून सुटलेले आणि लायसन्स खिशात घेऊन फिरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. अंमलबजावणी ढिली असते. पण ढिलाईवर भरवसा ठेवा असं सांगणं वेगळं आणि कायदाच तसा आहे असं सांगणं वेगळं. मेसेज दुसरं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५मध्येच राज्यांना बजावलं होतं की या गुन्ह्यात लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा.

"दोन बिअर चालतात." आपल्याकडची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. इंटरनेटवर सापडणारा ०.०८चा आकडा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचा आहे, म्हणजे ८० मिलिग्रॅम, आपल्या अडीच पटींहून जास्त. रक्तातला आकडा वजन, रिकामं पोट, पिण्याचा वेग यांवर ठरतो. बाटल्या मोजणारं कलम कायद्यात नाही.

"फुंकायला नकार द्या." द्या की! संशयाला सबळ कारण असेल तर नकारावरूनच विना वॉरंट अटक करता येते. अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते. आणि सबळ कारणाशिवाय दिलेला नकार कोर्टात तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब धरला जाऊ शकतो, कलम २०५. पुरावा नाहीसा करायला गेलात आणि आणखी एक देऊन आलात.

"दुसऱ्या आरटीओतून नवं काढा." हा सल्ला कागदी पुस्तिकेच्या काळातला. आता लायसन्सच्या नोंदी सारथी या देशभराच्या ऑनलाइन प्रणालीत असतात आणि निलंबन, रद्द हे सगळं पोर्टलवर नोंदवायचा नियम २०२०पासून आहे. एका माणसाला एका वेळी दोन लायसन्स बाळगता येत नाहीत, हे तर आधीपासूनच आहे. कलम १८२ त्याहून पुढे जातं. अनर्ह ठरलेल्या माणसाने गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हीच शिक्षा त्या काळात नव्या लायसन्ससाठी नुसता अर्ज केला तरी आहे. दुसऱ्या आरटीओत जाऊन फॉर्म भरलात की तिथेच नवा गुन्हा झाला, गाडीला किल्ली न लावता.