आधी म्हणे हे वाच, मग ते वाच!

नव्या माणसानं सुपरहिरोचं कॉमिक विचारलं, की आमच्या सोलापुरातल्या जाणकारांच्या अंगातच येतं. परवा पार्क चौकात चहा पिताना कॉलेजातल्या भाच्यानं विचारलं, "मामा, बॅटमनचं एखादं सांग की." मी तोंड उघडायच्या आत मित्र सुरू: "आधी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' वाच बे, त्याशिवाय काही कळायचं नाही."

अरे, डीसी या बॅटमन-सुपरमॅनच्या प्रकाशकाचा पन्नास वर्षांचा पसारा आवरायला १९८५ मध्ये काढलेली ती मालिका! बारा अंक, पात्रांची नुसती जत्रा. ज्याला पसाराच ठाऊक नाही, त्याला आवराआवर कशाला दाखवता?

'बॅटमन: इयर वन' द्या ना. १९८७ मधले चार अंक. ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमन, आपल्या गॉथम शहरात परततो, गॉर्डन हा पोलीस अधिकारी तिथं बदलून येतो, बास. मागचं काही लागत नाही. सुपरमॅन हवा? 'ऑल-स्टार सुपरमॅन'. त्याची अख्खी जन्मकथा पहिल्याच पानावर चार चित्रांत नि आठ शब्दांत उरकलीय!

'वॉचमेन'वाले वेगळेच. थोर आहे, मान्य. पण सुपरहिरो या कल्पनेचीच चिरफाड करणारं पुस्तक, एकही सुपरहिरो न वाचलेल्याच्या हातात पहिलंच?

आणि "पहिल्या अंकापासून धर" म्हणणाऱ्यांना तर हात जोडले. बॅटमन ज्यातून आला, त्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' मालिकेचा पहिला अंक १९३७ चा. बॅटमन त्यात नाहीच. तो उगवतो २७ व्या अंकात, १९३९ साली!

एवढा वाद होईस्तोवर भाचा रील बघत बसला होता.