आधी अंगण, मग कात्री आणि डिंक

बालवाडीतल्या मुलांना पक्षी शिकवायचे म्हटले की आपण भिंतीवर तक्ता लावतो, मोराच्या छापील चित्रावर टिकल्या चिकटवून घेतो आणि पाठ संपवतो. माझे स्पष्ट मत आहे की हा क्रम उलटा असावा. मुलाने आधी अंगणातला पक्षी मनसोक्त पाहावा आणि मगच कात्री-डिंक हाती घ्यावा. हाताने काही घडवताना आपण काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले, हे त्याचे त्यालाच कळते.

आपल्या सोलापुरात यासाठी लांब जावे लागत नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य किंवा हिप्परग्याचा तलाव पुढे पाहता येईल. चार-पाच वर्षांच्या मुलाला दारातला कडुनिंब आणि कुंपणावरची जास्वंद पुरेशी आहे. चिमणी टुणटुण उड्या मारते, साळुंकी मात्र एकेक पाऊल टाकत चालते. चिमण्यांतल्या नराच्या गळ्यावर काळा पट्टा असतो, मादीला तो नसतो. हे ज्याने पाहिले आहे, ते मूल मातीची चिमणी करताना ‘नर करू की मादी?’ असे विचारते, आणि मला हा प्रश्न कोणत्याही सुबक नमुन्यापेक्षा मोलाचा वाटतो.

शिंपी पक्ष्याचा धडा तर विणकरांच्या या गावासाठीच आहे. हा इवलासा पक्षी पानाच्या कडांना चोचीने भोके पाडतो, त्यांतून कापसाचे तंतू किंवा कोळ्याचे जाळे ओवतो आणि पानाची पिशवी करून तीत घरटे बांधतो. मुलांना बदामाचे रुंद पान, बोथट दाभण आणि सुती दोरा देऊन तसे शिवायला सांगावे. पान फाटते, दोरा सुटतो, आणि हात नसताना पक्ष्याला हे कसे साधते याचे खरे नवल मुलांना तेव्हाच वाटते. मात्र यंत्रमागावरचे उरलेले धागे ‘घरट्यासाठी’ म्हणून झाडावर टांगू नयेत. कृत्रिम धागा तुटत नाही, तो पक्ष्यांच्या पायांत गुंतून त्यांचा जीव घेऊ शकतो. घरटे सापडले तरी ते दुरूनच पाहावे. अंड्यांना आणि घरट्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे.

उन्हाळ्यात पाण्याचे उथळ मातीचे भांडे सावलीत ठेवून रोज धुण्याचे काम मुलाकडेच द्यावे, म्हणजे निरीक्षण आपोआप रोजचे होते.

पक्षी-अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी याच शहरात झाला. त्या दिवसापासून 12 नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात शाळांनी चित्रकला स्पर्धा अवश्य घ्यावी. परंतु कागद वाटण्यापूर्वी मुलांना मैदानातल्या झाडाखाली अर्धा तास बसू द्यावे आणि बक्षीस देताना रंगकामापेक्षा निरीक्षणाला अधिक गुण द्यावेत, अशी माझी शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे.