वाघाची मावशी आणि टक्क्यांचा घोळ

घोडबंदर रोडपासून खारघर-उलव्यापर्यंत सोसायट्यांच्या मांजरप्रेमी ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "तुमची मनी ९५.६ टक्के वाघ आहे, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. २००७ मध्ये मांजराचा पूर्ण डीएनए वाचून झाला. आता गालातून काडी फिरवली की जात, स्वभाव, पुढचे आजार, सगळं कळतं. पर्शियन घेताना डीएनए सर्टिफिकेट मागा, ते असलं की किडनीची काळजी नाही. मांजर वाघच असल्यामुळे त्याला कच्चं मांस द्या. आणि तिरंगी बोका जगात नसतोच, सापडला तर लाखांत विकला जातो."

मेसेज पूर्ण खोटा असता तर दोन ओळींत निकाली निघाला असता. पण त्यातले आकडे खरे आहेत आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष चुकीचे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"मांजर ९५.६ टक्के वाघ आहे"

आकडा २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या वाघाच्या जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण डीएनएच्या, अभ्यासातला आहे. वाघ आणि पाळीव मांजर यांचे जीनोम शेजारी ठेवून जुळवले तेव्हा साम्य ९५.६ टक्के निघालं. दोघांचे पूर्वज सुमारे १ कोटी ८ लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्याच अभ्यासात तुलनेसाठी दिलेला दुसरा आकडा मात्र मेसेजवाल्याने गाळला: माणूस आणि गोरिला यांच्यातलं साम्य ९४.८ टक्के. मनी ९५.६ टक्के वाघ असेल तर मेसेज पाठवणारे काकाही ९४.८ टक्के गोरिला ठरतात.

उरलेले ४.४ टक्के किती होतात, तेही बघा. डीएनए ए, सी, जी, टी या चार रासायनिक 'अक्षरां'त लिहिलेला असतो, आणि मांजराच्या जीनोममध्ये अशी ढोबळमानाने २५० कोटी अक्षरं आहेत. त्याचे ४.४ टक्के म्हणजे ११ कोटी. वाघ आणि मांजर दोघांनाही ३८ गुणसूत्रं असतात, त्यांची मांडणीही बरीच सारखी असते, आणि तरीही ११ कोटी अक्षरांचा फरक राहतो. याउलट एकच अक्षर बदललं आणि किडनी गेली, असंही मांजरात घडतं. ते उदाहरण खाली येईलच. टक्केवारी फार तर नातं किती जवळचं ते सांगते. प्राणी कसा आहे, हे कुठलं अक्षर कुठे बदललंय त्यावर ठरतं.

"२००७ मध्ये पूर्ण डीएनए वाचून झाला"

२००७ साली प्रसिद्ध झाला तो अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठातल्या सिनॅमन नावाच्या, ॲबिसिनियन जातीच्या मांजरीच्या जीनोमचा कच्चा आराखडा. तिची निवड दोन कारणांनी झाली. जवळच्या नात्यातल्या प्रजननामुळे तिला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या डीएनएच्या प्रती बऱ्याच सारख्या होत्या, त्यामुळे तुकडे जुळवणं सोपं होतं. शिवाय तिच्या घराण्यात दृष्टिपटल झिजवणारा आनुवंशिक आजार होता. पण वाचन सरासरी १.९ पट झालं होतं, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी दोनदासुद्धा वाचलेली नव्हती. अशा वाचनात काही जागा चार वेळा येतात, काही एकदाही येत नाहीत. गुणसूत्रांवर बसवलेले तुकडे ६,६३,४८० होते. पोथीची पानं फाटून साडेसहा लाख कपटे झाले आणि माणूस, कुत्रा, गाय यांच्या पोथ्या शेजारी ठेवून ते लावले, असं ते काम होतं. मोठं काम, पण पूर्ण नाही. लांब तुकडे एका दमात वाचणारं तंत्र वापरून तयार झालेला बराच सलग जीनोम २०२० साली आला, तोही सिनॅमनचाच. सोबत ५४ मांजरांचे जीनोम तपासले गेले आणि बुटक्या पायांच्या मांजरांमधला दोष बी१ गुणसूत्रावर नेमका सापडला.

भगव्या रंगाचं काय झालं बघा. मांजराला भगवा करणारं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे हे शंभर वर्षं माहीत होतं. नेमका बदल प्रसिद्ध झाला २०२५ मध्ये, जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांकडून: एआरएचजीएपी३६ या जनुकातली सुमारे ५ हजार अक्षरं गायब. "पूर्ण" वाचनानंतर १८ वर्षांनी!

"सर्टिफिकेट असलं की किडनीची काळजी नाही"

हा मुद्दा पैशांचा आणि जिवाचा आहे, म्हणून इथे जास्त वेळ.

पर्शियन मांजरांमध्ये किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्याला पीकेडी म्हणतात. कारण २००४ मध्येच सापडलं, म्हणजे सिनॅमनच्या जीनोमच्याही आधी. माणसातल्या अशाच आजाराचं जनुक माहीत होतं, तेच मांजरात तपासलं. पीकेडी१ जनुकात एका जागी 'सी'च्या ऐवजी 'ए' येतो, तिथे पूर्णविराम पडतो आणि प्रथिनाचा शेवटचा सुमारे पाव भाग तयारच होत नाही. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे जगभरातल्या ३८ टक्के पर्शियन मांजरांना हा आजार होता.

दोष प्रभावी आहे, एक प्रत पुरते. एक पालक दोषी आणि दुसरा निरोगी असेल तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता निम्मी. दोन्ही पालक दोषी असतील तर दोन दोषी प्रती मिळालेले गर्भ जगत नाहीत. पिल्लं कमी होतात आणि जन्मलेल्यांत सरासरी तीनातली दोन आजारी निघतात.

आपल्याकडे विकणारे 'पंच फेस' (चपट्या तोंडाचं), 'डॉल फेस' (कमी चपट्या तोंडाचं), 'सेमी पर्शियन' असे शब्द वापरतात. डॉल फेस म्हणजे क्रॉस, क्रॉस म्हणजे निरोगी, हा समज धोकादायक आहे. लांब केस अप्रभावी गुण आहे, त्याला दोन्ही प्रती लागतात. पीकेडीला एक पुरते. म्हणून पर्शियन बोका आणि गल्लीतली भाटी यांचं आखूड केसांचं पिल्लू दिसायला साधं आणि किडनीने पर्शियन असू शकतं.

सर्टिफिकेट हातात आलं तर आधी चार गोष्टी बघा. कोणत्या दोषाची तपासणी केली ते लिहिलंय का? नुसतं 'डीएनए टेस्टेड' याला अर्थ नाही. अहवाल या पिल्लाचा आहे की पालकांचा? पालकांचा असेल तर बाप नक्की तोच का? एकाच माजात भाटी दोन-तीन बोक्यांकडे गेली तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात. आणि मायक्रोचिपचा नंबर आहे का? तो नसेल तर तो कागद कुठल्याही मांजराचा असू शकतो.

शिवाय 'निगेटिव्ह' म्हणजे हा एक दोष नाही, एवढंच. म्हातारपणी होणारा किडनीचा सर्वसाधारण आजार त्याने टळत नाही. दहा महिन्यांनंतर जाणकाराकडून सोनोग्राफी केली तर गाठी बहुतेक वेळा दिसतात. किडनीच्या तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन मोजतात, पण त्यावर विसंबू नका. किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत ते वाढत नाही.

नमुना घरी घ्यायचा असेल तर मांजराने खाल्ल्यावर किमान एक तास थांबा. काडी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये १०-१५ सेकंद फिरवा. लाळ नको, गालाच्या पेशी हव्यात. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या तोंडात आईच्या पेशी असू शकतात, म्हणून दूध सुटल्यावरच घ्या. काडी हवेवर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवा. ठाण्याच्या पावसाळ्यात ओली काडी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली की दोन दिवसांत बुरशी, आणि प्रयोगशाळेकडून 'नमुना अपुरा' असा निरोप. प्रत्येक मांजराचं पाकीट वेगळं.

"जात आणि स्वभाव कळतो"

जातीची चाचणी मांजराची तुलना प्रयोगशाळेकडे असलेल्या संचातल्या नमुन्यांशी करते. संचात आपल्याकडची गल्लीतली मांजरं नसतील तर यंत्र जवळचं काहीतरी निवडून टक्के छापतं. मुळात गल्लीतली मांजर ही जातींची मिसळ नव्हेच. मांजरांच्या बहुतेक जाती गेल्या दीडशे वर्षांत, प्रदर्शनांच्या हौसेतून घडल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं प्रदर्शन १८७१ चं. नावांवरही जाऊ नका. २००८ च्या एका अभ्यासात पर्शियन मांजरं इराणच्या आसपासच्या नव्हे, पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या गटात बसली. बंगाल मांजरीत 'बिबट्याचं रक्त' असतं म्हणून भाव वाढवतात, पण तिचा रानटी पूर्वज म्हणजे बिबट्यासारखे ठिपके असलेलं छोटं रानमांजर. येऊरच्या जंगलातल्या बिबट्याशी त्याचा संबंध तुमच्या मनीइतकाच.

स्वभाव गालाच्या काडीतून कळत नाही. विषय संपला.

"वाघासारखं कच्चं मांस द्या"

वाघाशी साम्य इथे खरंच कामाचं आहे, पण उलट्या दिशेने. दोघांनाही गोड चव कळत नाही, कारण गोडाच्या एका जनुकात २४७ अक्षरं गळालेली आहेत. दोघेही पक्के मांसाहारी. पण वाघ हाडं, आतडी, काळीज यांसकट खातो. आपण देतो बोनलेस चिकन, ज्यात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो. वाढत्या पिल्लाला महिनाभर तेवढंच दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं आणि पिल्लू पलंगावरून उडी मारताना पाय मोडून घेतं. दुसरं साम्य आजारांचं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले, संशय खाण्यातल्या कोंबडीवर होता. पाळीव मांजरांनाही तो विषाणू होतो. चिकन शिजवून द्या.

"तिरंगी बोका नसतोच"

असतो. भगवा की काळा हे एक्स गुणसूत्रावर ठरतं. भाटीला दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक झोपलेला, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही रंगांचे तुकडे पडतात. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा. बोक्याला एकच एक्स, म्हणून तो एकतर भगवा, नाहीतर काळा. क्वचित बोका एक्सएक्सवाय, म्हणजे एक जादा एक्स घेऊन, जन्मतो आणि तिरंगी होतो. प्रमाण साधारण तीन हजार तिरंगी मांजरांमागे एक. तो बहुधा वांझ असतो, म्हणजे 'ब्रीडिंगसाठी' लाखो रुपये मोजणाऱ्याला पिल्लं मिळायची नाहीत.

आणि जीनोममधून सगळं कळतं म्हणणाऱ्यांसाठी: डिसेंबर २००१ मध्ये टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, नाव सीसी. जीनोम तोच. सीसीच्या अंगावर भगव्याचा एक ठिपकाही नव्हता.