तिसरीच्या पुढे, चौथीच्या अलीकडे

बुद्धिबळाच्या यंत्राच्या खोक्यावर लेव्हल किती आहेत ते ठळक अक्षरात छापलेलं असतं. त्यातली तुमची कोणती, ते कुठेच छापलेलं नसतं. आमच्या घरी अशी दोन यंत्रं आहेत. एक मेहुण्यांनी मस्कतहून आणलेलं, लाल दिव्यांचं, आठ लेव्हलचं. दुसरं भाच्यानं पुण्याहून पाठवलेलं, त्याला चौसष्ट लेव्हल. पटावर घरं चौसष्ट, म्हणून लेव्हलही चौसष्ट. बटण दाबायचं आणि हव्या त्या घरावर बोट टेकवायचं. शेजारच्या नानांनी हा प्रकार पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, खेळणारा एक, अन् लेव्हल चौसष्ट? काय करायच्यात एवढ्या?"

नाना जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. वजीर त्यांना स्वतःच्या पोरापेक्षा प्रिय आहे, आणि घोड्यानं राजाला शह देत हत्ती मारणं हा त्यांचा आयुष्यभराचा एकमेव डावपेच आहे. लाल दिव्यांच्या यंत्राला तिसऱ्या लेव्हलवर ते चहा पीत, माझ्याशी बोलत, पावसाचा अंदाज सांगत हरवतात. चौथ्या लेव्हलवर ते आजवर एकदाही जिंकलेले नाहीत. त्यामुळे त्यांची मागणी साधी आहे. त्यांना साडेतिसरी हवी आहे.

ती नाही. का नाही, हे शोधण्यात माझ्या निवृत्तीचा बराच भाग गेला.

आपण शिक्षक लोक लेव्हल म्हटलं की इयत्ता समजतो. तिसरीच्या पोराला जे येतं त्याहून जरा जास्त चौथीच्या पोराला येतं. यंत्राचं तसं नसतं. त्याला प्रत्येक लेव्हलला सगळं सारखंच येतं, फरक पडतो तो विचार करायला मिळणाऱ्या वेळेत, नाहीतर किती खेळ्या पुढचं बघायचं त्या मर्यादेत. जुन्या यंत्रांत पहिली लेव्हल म्हणजे काही सेकंद आणि वरची म्हणजे काही मिनिटं. काहींत तर टपालानं डाव खेळणाऱ्यांसाठी एका खेळीला तासन्‌तास घेणारीही लेव्हल असायची. एका स्थितीत सरासरी तीस-पस्तीस खेळ्या शक्य असतात. फालतू फांद्या छाटूनही आणखी एक खेळी खोल पाहायची तर वेळ पाच-सहा पट लागतो. वेळ नुसता दुप्पट केला तर ताकद ५० ते ७० एलो गुणांनी (खेळाची ताकद मोजायचे हे गुण) वाढते, असा जाणकारांचा जुना ठोकताळा आहे. तेवढा फरक नानांना काय, यंत्रालाही कळत नसेल.

पण कुठल्यातरी एका लेव्हलला ती एक खेळी जास्त दिसायला लागते. आमच्या यंत्रात ती चौथी. तिसऱ्या लेव्हलला नानांचा घोडा कुठे निघालाय ते त्याला दिसत नाही, चौथ्या लेव्हलला दिसतं, आणि एकदा दिसलं की दर वेळी दिसतं. नानांकडे दुसरा डावपेच नाही. विषय संपला.

हे मी नानांना वहीत आकृती काढून समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे त्याला चष्मा लागला." माझ्या आकृतीपेक्षा हे बरं होतं.

तळाच्या लेव्हलची गोष्ट निराळी. नुसता वेळ कमी करून यंत्र पुरेसं कच्चं होत नाही, म्हणून त्याला मुद्दाम चुका करायला लावतात. भाच्याच्या यंत्रातली पहिली काही घरं अशा गमतीच्या लेव्हलची आहेत. मोबाइलमधल्या स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमलाही शून्य ते वीस अशी कौशल्याची पट्टी असते. ती खाली ओढली की ते काही चांगल्या खेळ्या काढून ठेवतं आणि मधूनच चिठ्ठी टाकल्यासारखी त्यातली हलकी खेळी उचलतं. चूक होते, पण माणसासारखी होत नाही. वजीर धोक्यात आला की माणूस घाबरून चुकतो. मागे सरकणारा उंट त्याच्या नजरेतून सुटतो, जिंकत आलेला डाव तो घाईनं घालवतो. यंत्र पंधरा खेळ्या विश्वनाथन आनंदच्या शेजारी बसण्याच्या लायकीच्या खेळतं आणि सोळाव्या खेळीला हत्ती रस्त्यावर सोडून देतं. नानांना याचा भयंकर राग येतो. "हे मला खेळवायलंय का हिणवायलंय?" असं म्हणून एकदा त्यांनी तो फुकटचा हत्ती मारायलाच नकार दिला. मग तो डाव ते हरले, आणि हरल्याचा त्यांना अभिमान आहे.

नुसत्या खेळ्या मोजणाऱ्या यंत्रांची एक खोड मात्र मला मनापासून आवडते. जेवढं दिसतं त्याच्या पलीकडे संकट ढकललं की संकट संपलं, असं त्यांना वाटतं. घोडा जाणारच आहे म्हटल्यावर ते आधी एक प्यादं बळी देतात, मग दुसरं, आणि घोडा शेवटी जातोच. हान्स बर्लिनर या संगणकतज्ज्ञानं याला क्षितिज परिणाम असं नाव दिलं. हात उसने घेऊन बँकेचा हप्ता भरणारा आमच्याकडचा माणूस नेमकं हेच करतो, त्यामुळे परभणीत हा परिणाम कुणाला शिकवावा लागत नाही.

आता दोन यंत्रांची तुलना. खोक्यावर कुणी १८०० छापतं, कुणी २०००. हे तेच एलो गुण. अर्पाड एलो यांची ही पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये स्वीकारली. तिचा हिशेब असा की ४०० गुणांनी वरचढ असलेला खेळाडू शंभर डावांतले (जिंकला तर एक, बरोबरीला अर्धा) सुमारे ९१ गुण नेतो. नानांना एलो नाही, बीपी आहे. शिवाय खोक्यावरचा आकडा वरच्या लेव्हलचा असतो, खालच्या लेव्हलचा हिशेब कुणी देत नाही. स्वीडनमधल्या संगणक-बुद्धिबळवाल्यांनी वर्षानुवर्षं यंत्रांना यंत्रांशी खेळवून त्यांची क्रमवारी लावली. ती मोठ्या मेहनतीची आहे, पण यंत्रं आपापसांत कशी उभी राहतात एवढंच तिच्यातून कळतं. माणसापुढं कुठलं यंत्र कुठल्या लेव्हलला किती जड जाईल, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

तरी मी आमची दोन्ही यंत्रं एकमेकांशी लावली. लाल दिव्यांचं तिसऱ्या लेव्हलवर, चौसष्टवालं कुठल्या घराला त्याच्या बरोबरीला येतं ते पाहायचं. यंत्रांना हात नसतात, त्यामुळे याची खेळी त्याच्या पटावर आणि त्याची याच्या पटावर मी नेऊन ठेवायची. जुन्या पटावर तर मोहरा उचलतानाही दाबायचा आणि ठेवतानाही दाबायचा, नाहीतर ते पिपाणी वाजवतं. ही भाजी निवडत बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, हे दोघं खेळायलेत, मग तुम्ही कोण?"

"मी पट्टेवाला."

"पगार?"

त्या डावात लाइट गेली. लाल दिव्यांच्या यंत्राचा अडॅप्टर भिंतीत, आठवण त्याला अजिबात नाही, आणि डाव रंगात. नानांनी तत्काळ निकाल दिला: ज्याची लाइट गेली त्यानं राजीनामा दिला. हा नियम फिडेत नाही, पण आमच्या गल्लीत उन्हाळाभर तोच चालला. नाना एरवी चौथ्या लेव्हलला बसत नाहीत, पण भारनियमनाची वेळ जवळ आली की हटकून बसायला लागले.

एकदा त्यांना मी मोठी माणसं काय करायची ते सांगितलं. १९८५ साली हॅम्बुर्गला बावीस वर्षांच्या, पुढं जगज्जेता झालेल्या कास्पारोव्हनं बत्तीस यंत्रांशी एकाच वेळी डाव मांडले आणि बत्तीसच्या बत्तीस जिंकले. बारा वर्षांनी, १९९७ मध्ये, डीप ब्लू नावाच्या महासंगणकानं त्याच कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीचनं हरवलं. डीप ब्लूचा वेग सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थितींचा. नानांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते कोणत्या लेव्हलवर ठेवलं होतं?" मी म्हणालो, त्याला एकच लेव्हल होती. "मग त्याला काय खेळता येतं?"

घरात वापरायच्या यंत्रांच्या दुनियेत एके काळी जर्मनांचा दबदबा होता. म्युनिकच्या हेगेनर अँड ग्लेझर कंपनीची मेफिस्टो यंत्रं १९८५ पासून सूक्ष्मसंगणकांच्या जगज्जेतेपदावर ठाण मांडून बसली. त्यांचे प्रोग्रॅम लिहिणारा रिचर्ड लँग मात्र इंग्रज. ज्या गावी जिंकायचं त्याचं नाव यंत्राला द्यायचं, अशी त्यांची रीत होती: रोमा, अल्मेरिया, लिऑन, व्हँकुव्हर. नाना एकदम सावरून बसले. "जगात जर्मनी आहेच म्हणा. मग भारतात परभणी कामून नाही?" त्यानंतर आठवडाभर आम्ही मेफिस्टो परभणीच्या लेव्हल ठरवत होतो. पहिली लेव्हल मेमधल्या दुपारी दोनची, पंखा बंद ठेवून. दुसरी घरात लग्न असताना. वरच्या लेव्हलला मागे उभे राहून सल्ला देणारे चार जण, आणि सगळ्यात वर तेच चौघं, पण त्यांना खेळता येत असलेलं.

परवा भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आता डीजीटी सेंटॉर नावाचा पट मिळतो. त्याला लेव्हल लावावीच लागत नाही. तुम्ही कसे खेळता ते पाहून तो स्वतःला तुमच्याएवढा करून घेतो." मला वाटलं, साडेतिसरी सापडली. मी फोन स्पीकरवर टाकला.

नानांनी विचारलं, "म्हणजे मी वाईट खेळलो, तर तोही वाईट खेळंल?"

"थोडाफार तसंच, नाना."

"अन् मी जिंकलो, तर मी जिंकलो का त्यानं जिंकू दिलं, हे मला कोण सांगंल?"

भाचा गप्प झाला. पुण्यात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता बहुतेक.

"राहू दे बाबा," नाना म्हणाले. "गुरुजींच्या मेहुण्यांना तेवढं रविवारी पाठवून दे. ते खेळी वापस घेतात, बोट ठेवलेलं मोहरं बदलतात, जेवणाआधी भांडतात अन् जेवल्यावर पेंगतात. पण हरले की खरंच हरतात."