कुठल्या खडीसाठी हवाय टायर?

मागचा टायर झिजून सपाट झाला होता आणि कडेने आतलं कापड दिसायला लागलं होतं, म्हणून नवा घ्यायला गेलो. एवढंच. फोनवर विचारलं होतं, "७०० बाय ४० आहे का?" पलीकडून आवाज आला, "आहे, या." पेठेतलं दुकान. बाहेर टायरांच्या माळा, आत शिरायला अंग चोरावं लागतं. मालकांनी मान वर न करता आकडीने एक टायर ओढला आणि काउंटरवर आपटला. त्यावर ठळक अक्षरांत : २८ × १½.

"मालक, हा ७०० चा नाही."

"तेच ते."

"तेच नाही. हे खाली बारीक बघा, ४०-६३५. मला ४०-६२२ पाहिजे."

"तेरा मिलिमीटरचा तर फरक आहे, साहेब."

ज्यांचा सायकलशी संबंध शाळेबरोबर सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दूधवाल्यांच्या त्या काळ्या, दांडीवाल्या सायकलीच्या रिमचा व्यास, म्हणजे टायर जिथे बसतो तिथला, ६३५ मिलिमीटर. माझ्या सायकलचा, म्हणजे ज्याला '७०० चं' म्हणतात त्याचा, ६२२. बाजारात दोघींनाही '२८ चं चाक' म्हणतात. वर ७०० बाय २८ नावाचा तिसराच टायर असतो, त्यात २८ ही रुंदी. हा गोंधळ मिटावा म्हणून रुंदी आणि व्यास मिलिमीटरमध्ये लिहायची एक शहाणी पद्धत निघाली, आणि ती टायरवर छापताना सगळ्यात बारीक टाइप निवडण्यात आला. ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर आरामात चढतो, आणि पहिल्या वळणावर तितक्याच आरामात उतरतो. तेव्हा वर कोण बसलंय हे तो बघत नाही.

"रबर आहे. बसेल," मागून आवाज आला.

स्टुलावर एक काका बसले होते. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. आले होते वालट्यूब घ्यायला. हवा निसटू नये म्हणून जुन्या वॉल्व्हवर चढवतात ती काडीसारखी रबरी नळी. त्यांचा तुकडा कापून, पैसे देऊन झाले होते. पण ते उठत नव्हते. नळी बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत माझ्या सायकलकडे बघत होते.

"ही कुठली सायकल?"

"सायक्लोक्रॉसची."

"म्हणजे?"

आता बेल्जियममध्ये हिवाळ्यात माणसं चिखलातून तासभर शर्यत लावतात, वाटेत फळ्या आणि जिने आले की सायकल खांद्यावर टाकून पळतात, आणि त्यांच्या टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे, हे पेठेत दुपारी बाराला कसं सांगायचं? तरी सांगितलं.

"खांद्यावर घेऊन पळतात?"

"हो."

"मग टायर कशाला लागतो?"

मालक हसले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच काही उमटलं, ते माझ्या खर्चाने. मी खुलासा केला की मी शर्यत करत नाही, मी कच्च्या रस्त्यांवर फिरतो; पानशेतच्या अंगाने, धरणाच्या कडेकडेने. म्हणून ३३ चे काढून ४० चे घातलेत, आणि फ्रेममध्ये त्याहून जाड काही मावत नाही.

"कच्चे म्हणजे कसले? खडीचे की मुरुमाचे?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं चालेल? खडी कुठली? ६३ ते ४५ मिलिमीटरची की बारीक? वर मुरुम टाकून पाणी मारलंय का? रोलर फिरलाय का नुसती पसरलीय?"

काका बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले निघाले. मी टायर घ्यायला आलो होतो आणि माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. सोलिंग, म्हणजे तळाला रचलेल्या मोठ्या दगडांचा थर, काय असतं ते त्यांनी सांगितलं. मग त्यावरचा खडीचा थर, मग फटी भरायला मुरुम, मग पाणी, मग दहा टनी रोलर. काउंटरवरची ब्रेकची रबरं खडी म्हणून पसरली, त्यांवर बेअरिंगचे छर्रे मुरुम म्हणून ओतले, आणि माझ्या सायकलच्या चाव्या घेऊन त्यांचा रोलर फिरवला.

"थर असा बसलेला असेल तर ३५ चा टायर पुरे. गुळगुळीत चालेल. खडी सुटी असेल तर ४० काय, ६० चा घाला, पाय टेकावाच लागेल. आधी रस्ता बघायचा, मग टायर."

हे इतकं बरोबर होतं की माझा संताप झाला. गेलं वर्षभर मी रात्र रात्र जागून हेच वाचतोय. मध्ये बारीक करवतीसारखी नक्षी आणि कडेला गोट्या, म्हणजे रबरी उंचवटे, असा टायर दाबून बसलेल्या मुरुमाला चांगला. उंच, विरळ गोट्या चिखलाला, कारण त्यांत चिखल अडकून राहत नाही. रिम आतून २३ मिलिमीटर रुंद असली तर ४० चा टायर नीट पसरतो. लहान चाकाचाही पर्याय पाहिला, ५८४ व्यासाचा. त्यावर ४७ चा जाड टायर घातला की बाहेरचा घेर ७०० बाय २८ एवढाच भरतो, पण गादी मिळते. कार्बन रिमच्या किमती बघून खिडकी बंद केली. ॲल्युमिनियमची रिम दगडावर आपटून वाकली तर निदान पान्ह्याने सरळ करता येते. एवढा अभ्यास. आणि या गृहस्थांनी तो ब्रेकच्या रबरांवर चार मिनिटांत उरकला.

"पण मला एक कळत नाही," काका म्हणाले, "आम्ही तीस वर्षं रस्ते पक्के केले. तुम्ही पैसे खर्चून कच्चे शोधताय?"

याला उत्तर होतं. तुमचे पक्के रस्ते दोन पावसाळ्यांत कच्चे होतात, मला फार लांब जावं लागत नाही, हे उत्तर. पण वयाचा मान म्हणून गिळलं. आजवर पस्तावतोय.

एवढ्यात मालकांनी माळ्यावरून एक खोकं काढलं. ७०० बाय ३८, कुणीतरी मागवून न नेलेला. मी कडेची बारीक अक्षरं वाचायला उजेडात गेलो, आणि तेवढ्यात काकांनी तो सार्वत्रिक अंगठा काढला. सायकल दिसली की टायर दाबून बघणारा.

"हवाच नाही यात! ए बारक्या, हवा मार."

३० पौंड हवा मी मुद्दाम ठेवतो. चाक दगडावरून उड्या मारण्याऐवजी दगडाला गिळून पुढे जावं म्हणून. मी "नको, नको" म्हणेपर्यंत बारक्या वाकला होता. पुढच्या चाकाचा वॉल्व्ह बारीक, लांब, त्याचा पंप त्यावर बसेना. म्हणून त्याने हुशारी केली आणि पक्कडीने वॉल्व्हचा गाभाच फिरवून काढला. वॉल्व्ह बरोबर खाली, सहाच्या काट्यावर. आत ट्यूब नाही, नुसतं पांढरं द्रव रबर, बाभळीचा काटा घुसला तर भोक आपोआप बुजावं म्हणून ओतलेलं. ते वाफेच्या शिट्टीसारखा आवाज करत बाहेर आलं. बारक्या चपळ, बाजूला झाला. मागे काका होते.

"हे काय आहे?" पेनांवरून ओघळ चालले होते.

"लॅटेक्स."

"जाईल ना धुतल्यावर?"

"वाळायच्या आत धुतलं तर."

"ट्यूब का नाही घातली? सरळ ट्यूब घालावी माणसाने."

शर्टावर टायरातला माल घेऊन उभा असलेला माणूसही सल्ला देतो, हे मला कळत नाही. सिग्नलला उभ्या मोटारीचं बॉनेट कोणी उघडून बघतं का? इंजिनात बोट घालून "तेल कमी आहे" म्हणतं का? सायकल मात्र सार्वजनिक. ब्रेक दाबून बघा, एका हाताने उचलून वजन बघा, गिअर टकाटक फिरवा, किंमत विचारा आणि ऐकून हसा. सायकलवाला एक तर गरीब असणार नाहीतर वेडा, आणि दोघांनाही दोन शब्द सांगायला हरकत नसते. ज्या गावाला सायकलींचं शहर म्हणायचे तिथे आज सायकल ट्रॅकवर मोटारी उभ्या असतात. त्यांच्या टायरची हवा मात्र कोणी अंगठ्याने बघत नाही.

असो. टायर रिमवरून सुटला होता. तो पुन्हा बसवायला एकदम जोराची हवा लागते, आणि दुकानातल्या कॉम्प्रेसरचं तोंड माझ्या वॉल्व्हला लागेना. मालक म्हणाले, ट्यूब टाकू. ट्यूब होती, पण मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची. रिमचं भोक साडेसहा मिलिमीटर, याला साडेआठ पाहिजे.

"ड्रिल आहे आपल्याकडे," मालक म्हणाले. "दोन मिनिटांत भोक मोठं करून देतो."

काकांनी मान डोलावली.

मी चाक छातीशी धरलं. ३८ चा टायर घेतला नाही. खरं तर हवा होता, पण त्या दुकानातून काही विकत घ्यायची इच्छाच उरली नव्हती. सायकल ढकलत बाहेर काढली, तेव्हा मालकांनी हाक मारली.

"साहेब, हवेचे दहा रुपये."

"हवा आहे कुठे? सगळी गेली."

"बारक्याने मागच्या चाकात मारली ना, तुम्ही खोकं वाचत होता तेव्हा. पुढच्याचे नाही घेत."

मागचं चाक दाबून बघितलं. दगड. ज्या टायरचं कापड बाहेर आलंय, त्यात. मी वीसची नोट दिली. मालक म्हणाले, सुट्टे द्या.